चार दिवस, एकोणीस जागा आणि आईचे गुडघे

पत्र थोडक्यात असं आहे. ओहायोमधल्या कोलंबसला राहणाऱ्या एका वाचकाचे आईवडील सांगलीहून पहिल्यांदाच अमेरिकेत आले आहेत. वडील ७१ वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या घेतात. आई ६६ वर्षांची. गुडघे दुखतात, पण विचारलं की "मला काही होत नाही" म्हणते. दोघंही शाकाहारी. ऑक्टोबरमध्ये मुलगा, सून आणि आईवडील असे चौघं न्यूयॉर्कला जाणार आहेत. बुधवारी संध्याकाळी पोहोचायचं आणि रविवारी रात्रीच्या विमानाने परतायचं. मुलाने एक्सेलच्या तक्त्यात १९ जागा बसवल्या आहेत. पत्नी म्हणते, निम्म्या काढ. तो म्हणतो, "ते पुन्हा येतीलच असं नाही, मग राहिलेलं कधी बघणार?" न्यू जर्सीतल्या एडिसनला मावसभावाचं घर आहे, तिथे राहिलं तर पैसे वाचतात, मॅनहॅटनमधलं हॉटेल महाग. पाच-सहा ठिकाणांचा एकत्रित पास घ्यावा का, हाही प्रश्न आहे. आईवडिलांना विचारलं तर उत्तर एकच: "तू नेशील तिथे येऊ."

तुमचा तक्ता नीट पाहिला. त्यातली एकही जागा वाईट नाही, आणि तो करताना तुम्ही किती रात्री जागला असाल हेही दिसतं. पण त्यातला फक्त शुक्रवार आपण जरा जवळून बघू. सकाळी ९ वाजता मेट म्युझियम (मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय), ११ला सेंट्रल पार्क, १२ला नैसर्गिक इतिहास संग्रहालय, ३ला हाय लाइन (जुन्या उंच रेल्वेमार्गावरची बाग), ५ला ब्रुकलिन ब्रिज, ७ला टाइम्स स्क्वेअर. मेट उघडतं १० वाजता, म्हणजे दिवस एक तास मागे पडूनच सुरू होतो. मेट आणि नैसर्गिक इतिहास संग्रहालय यांच्यामध्ये सेंट्रल पार्कची पूर्ण रुंदी आहे, सुमारे ८०० मीटर. तीही सरळ रस्त्याची नाही, चढउतारांच्या वाटांची. ब्रुकलिन ब्रिजवरची पायवाट १.१ मैलांची, वर सावली नाही, मध्ये स्वच्छतागृह नाही, आणि अर्ध्यावर दमलं तर टॅक्सीही बोलावता येत नाही. या सगळ्यात जेवणाचा रकाना नाही. वडिलांच्या गोळ्या आणि जेवण यांची वेळ ठरलेली असणार. अशा दिवशी दोन वाजेपर्यंत जेवण लांबलं आणि चालणं रोजच्या तिप्पट झालं, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी या चार दिवसांच्या गोळ्यांबद्दल बोलून घ्या, आणि त्यांच्या स्वतःच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा खडीसाखर ठेवा. तुमच्या बॅगेत ठेवून उपयोग नाही. गर्दीत तुम्ही दहा पावलं पुढे असता.

आता तुमच्या मूळ मुद्द्याबद्दल. "ते पुन्हा येतीलच असं नाही" हे खरं असेल. पण त्यावरून "म्हणून सगळं दाखवलं पाहिजे" हे आपोआप निघत नाही. पुन्हा येणं होणार नसेल तर जे बघतील ते निवांत, बसून, एकमेकांशी बोलत बघता यावं, असाही अर्थ निघू शकतो. तिसऱ्या दिवशी आई हॉटेलच्या खोलीत गुडघ्याला मलम चोळत बसली आणि वडील तिच्यासाठी थांबले, तर १९पैकी ९ जागा तशाही गळतील. मग काय गळायचं ते आधी तुम्हीच ठरवलेलं बरं.

"तू नेशील तिथे येऊ" या उत्तरावरही थांबू नका. आपल्याकडच्या आईवडिलांना हा प्रश्न यादी पुढे ठेवून विचारला की खर्चाचा आणि तुमच्या रजेचा विचार आधी येतो. त्याऐवजी फोटो दाखवा, एका वेळी दोनच: हा पुतळा की ही उंच इमारत? ही बाग की हे संग्रहालय? चेहऱ्यावरून कळेल. दोघांना वेगवेगळं विचारा. आईला फ्लशिंगचं गणपतीचं देऊळ बघायचं असेल आणि वडिलांना ९/११चं स्मारक, तर ते एकमेकांसमोर बोलणार नाहीत.

दुसरी एक गोष्ट याच आठवड्यात करा. आईला कोलंबसमधल्या एखाद्या मॉलमध्ये न्या, तिच्या चालीने चाला आणि घड्याळ लावून बघा, किती मिनिटांनी तिची नजर पहिल्यांदा बाकाकडे जाते. विचारू नका, फक्त बघा. समजा २० मिनिटं आली. सावकाश चालीने २० मिनिटांत साधारण एक किलोमीटर होतो. मॅनहॅटनमध्ये उत्तर-दक्षिण जाताना २० ब्लॉक (एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचा रस्ता म्हणजे एक ब्लॉक) म्हणजे एक मैल, म्हणून तिचा एका दमाचा पल्ला झाला बारा ब्लॉक. पण पूर्व-पश्चिम जाताना ॲव्हेन्यूंमधलं, म्हणजे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांमधलं, अंतर बरंच जास्त असतं, तिथे तोच पल्ला चार ॲव्हेन्यूंत संपतो. "इथून चारच ब्लॉक" हे वाक्य त्यामुळे फसवं आहे. कुठल्या दिशेचे चार, ते महत्त्वाचं. तुमचा पूर्ण तक्ता या एका आकड्यावर पुन्हा मांडा: प्रत्येक पल्ल्याच्या शेवटी बसायची जागा, आणि दर दोन पल्ल्यांनंतर स्वच्छतागृह.

स्वच्छतागृह हा न्यूयॉर्कमधला सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न आहे. रस्त्यावर सहज सापडत नाही, आणि कॉफीच्या दुकानात दरवाजाला कुलूप असू शकतं. भरवशाच्या जागा आधीच नकाशावर खुणा करून ठेवा: ब्रायंट पार्क (इथलं इतकं स्वच्छ की आत ताजी फुलं ठेवलेली असतात), ग्रँड सेंट्रलचा खालचा मजला, मॉयनिहान ट्रेन हॉल, वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळचं ऑक्युलस, स्टेटन आयलंड फेरीचं टर्मिनल आणि कोणतंही मोठं संग्रहालय. प्रवासात ज्येष्ठ मंडळी तहान मारतात ती या भीतीने. जागा माहीत असल्या की पाणी पितात.

आता राहण्याचं. एडिसनचं घर फुकट आहे, पण त्याची किंमत वेळात मोजा. घरापासून स्टेशन, गाडीची वाट, मॅनहॅटनमधल्या पेन स्टेशनपर्यंत तासाभराचा प्रवास, तिथून पहिली जागा: सकाळी पावणेदोन तास, संध्याकाळी तितकेच. यापेक्षा मोठं नुकसान दुपारचं. मॅनहॅटनमध्ये खोली असली तर दीडला जेवून दोन ते साडेचार पाठ टेकता येते, आणि मग संध्याकाळ पुन्हा ताजी मिळते. एडिसनला राहिलात तर सकाळी आठला निघालेली आई रात्री नऊलाच टेकणार. गाडी घेऊन जाण्याचा विचार तर सोडाच. जानेवारी २०२५पासून मॅनहॅटनमध्ये ६०व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी नेली की दिवसा ९ डॉलर गर्दी-शुल्क लागतं, शिवाय बोगद्याचा टोल आणि पार्किंग.

म्हणून माझा सल्ला मधला आहे. बुधवार, गुरुवार, शुक्रवार या तीन रात्री मिडटाउनमध्ये, म्हणजे मॅनहॅटनच्या मध्यभागी, हॉटेल, शनिवारची रात्र मावसभावाकडे. हॉटेलच्या दिसणाऱ्या दरावर १४.७५ टक्के कर आणि खोलीमागे रोज साडेतीन डॉलर धरा. 'डेस्टिनेशन फी' (हॉटेल दरावर वरून लावतं ते शुल्क) वेगळी आहे का, तेही बघा. चौघांना एक खोली घेणार असाल तर दोन क्वीन बेड आहेत याची लेखी खात्री करा, न्यूयॉर्कच्या खोल्या लहान असतात. लोकांचे फ्लॅट थोड्या दिवसांसाठी घेण्याच्या भानगडीत पडू नका. सप्टेंबर २०२३पासून शहराने ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीच्या अशा भाड्यांवर कडक नियम लावले आहेत, पूर्ण घर कायदेशीरपणे मिळणं जवळजवळ संपलं आहे. तारीख अजून पक्की नसेल तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला लागून येणारा शनिवार-रविवार टाळा, ती सुट्टी आहे. हे वाचणाऱ्या इतरांसाठी: सप्टेंबरच्या उत्तरार्धात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेमुळे पूर्वेकडचे रस्ते बंद असतात आणि हॉटेलं महागतात. भारतातून थेट न्यूयॉर्कला उतरणाऱ्यांनी पहिल्या पाच-सहा दिवसांत ही भटकंती ठेवू नये. साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकाने पहाटे तीनला जाग येते आणि दुपारी डोळे मिटतात. तुमचे आईवडील कोलंबसला रुळलेले असतील, म्हणून ती अडचण नाही.

शहरात फिरायचं कसं? सबवेची, म्हणजे भुयारी रेल्वेची, स्टेशनं ४७२ आहेत, पण लिफ्ट त्यांतल्या थोड्याच ठिकाणी. नकाशावर व्हीलचेअरचं चिन्ह असलेली स्टेशनंच वापरा, आणि चढायचं व उतरायचं अशी दोन्ही तपासा. लिफ्ट त्या दिवशी चालू आहे का, तेही एमटीएच्या (सबवे आणि बस चालवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर दिसतं. काही छोट्या स्टेशनांवर 'अपटाउन' (उत्तरेकडे) आणि 'डाउनटाउन' (दक्षिणेकडे) जाणाऱ्या गाड्यांचे दरवाजे रस्त्याच्या दोन बाजूंना वेगळे असतात आणि आतून जोडलेले नसतात. चुकीच्या बाजूने आत गेलात तर पैसे गेले, आणि आईचे दोन जिने फुकट गेले. म्हणून तुमच्यासाठी बस जास्त चांगली. ती थांब्यावर एका बाजूने खाली झुकते, पुढे बसायला जागा मिळते आणि खिडकीतून शहर दिसतं. तिकीट तेच, सुमारे ३ डॉलर. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं. आठवड्यात ठरावीक मर्यादेपुढचा प्रवास मोफत होतो आणि तो फायदा प्रत्येक कार्डावर वेगळा मोजला जातो, पण तुमच्या चार दिवसांत तितक्या फेऱ्या होणारच नाहीत, त्यामुळे त्यात डोकं घालू नका. आणि एक हिशेब: चौघांचे सबवेचे १२ डॉलर होतात, तर मैलभराची पिवळी टॅक्सी बक्षिसी धरून साधारण १५ ते २० डॉलर. एवढ्या फरकासाठी आईला जिने चढवू नका.

पासबद्दल सरळ सांगते: घेऊ नका. पास परवडतो तो दिवसाला दोन-तीन तिकिटाच्या जागा केल्या तरच. एकदा घेतला की "पैसे वसूल" हा विचार तुम्हाला पळवतो. तुम्हाला तिकिटाच्या तीनच जागा लागणार आहेत: एक उंच इमारत, एक संग्रहालय, एक पुतळा (स्टॅच्यू ऑफ लिबर्टी).

उंच इमारतींपैकी एकच. तुमच्या तक्त्यात तीन आहेत, पण वरून दिसणारं शहर तेच. एम्पायर स्टेटवर चढलात तर एम्पायर स्टेटच दिसत नाही. रॉकफेलर सेंटरच्या माथ्यावरून दक्षिणेला ती दिसते आणि उत्तरेला पूर्ण सेंट्रल पार्क, म्हणून मी ते निवडीन. समिट नावाची आरशांची नवी जागा तुम्ही लिहिली आहे, ती काढा. तिथली जमीनही आरशाची आहे. साडी नेसलेल्या बाईला ते अवघड होतं, आणि तोल जाण्याची भीती असणाऱ्याला तिथे पाय टाकवत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचची वेळ घ्या, म्हणजे उजेड, संध्याकाळ आणि दिवे तिन्ही मिळतात. ही वेळ महाग असते आणि लवकर संपते.

गुरुवार असा ठेवा. सकाळी दहाला ४२व्या रस्त्यावरचं सार्वजनिक ग्रंथालय, मागे ब्रायंट पार्कमध्ये खुर्च्यांवर अर्धा तास. मग दोन ॲव्हेन्यूंवर ग्रँड सेंट्रल, १९१३चं स्टेशन. मुख्य दालनाच्या छतावर रंगवलेली राशीचक्राची नक्षत्रं उलटी आहेत. वडिलांना आकाश ओळखता येत असेल तर त्यांनाच शोधू द्या. खालच्या मजल्याकडे जाताना ऑयस्टर बार या उपाहारगृहासमोर फरशांच्या बुटक्या कमानी लागतात. तिथे एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून आईला उभं करा आणि समोरच्या तिरक्या कोपऱ्यात वडिलांना. एकाने कुजबुजलेलं कमानीवरून सरकत दुसऱ्याला कानाशी बोलल्यासारखं ऐकू येतं, मधून माणसं जात असली तरी. तिकीट नाही, रांगही फारशी नाही. तिथून लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूची दक्षिणेकडे जाणारी बस पकडून २६ ते २९व्या रस्त्यांदरम्यान उतरा, भारतीय जेवण मिळतं. मग खोलीवर झोप. संध्याकाळी रॉकफेलर, आणि तिथून चालत टाइम्स स्क्वेअर. दिवे लागल्यावर अर्धा-पाऊण तास पुरे, खुर्च्या मांडलेल्या असतात. आईवडिलांना दोन गोष्टी आधी सांगा. कार्टूनच्या वेषातली माणसं फोटोनंतर पैसे मागतात. आणि भगव्या वेषातला कोणी हातात मणी किंवा सोनेरी कार्ड ठेवू लागला तर घेऊ नका. आपली माणसं भगवं बघून हात जोडतात, आणि पुढची मागणी वीस डॉलरची असते.

शुक्रवारी मेट, अडीच तास, त्याहून जास्त नाही. मुख्य दाराला उंच पायऱ्या आहेत. ८१व्या रस्त्याच्या बाजूचं दार पायऱ्यांविना आहे. आत व्हीलचेअर मोफत मिळते. आई नको म्हणेल. "तुझ्यासाठी नाही, बॅगा ठेवायला घेऊ" म्हणून घ्या, तासाभरात ती आपणहून बसेल. दोनच दालनं ठरवा. इजिप्तने अमेरिकेला दिलेलं डेंडूरचं अख्खं दगडी मंदिर काचेच्या तिरक्या भिंतीशेजारी उभं आहे, समोर पाणी आणि बसायला जागा. आणि दक्षिण आशियाच्या विभागात गुजरातमधल्या पाटणहून आलेला जैन मंदिराचा कोरीव लाकडी घुमट. तो मान वर करून, बसून बघायचा. मेट बुधवारी बंद असतं, शुक्रवार-शनिवार रात्री नऊपर्यंत उघडं. सकाळी ऊन छान असेल तर बाग आधी, मेट संध्याकाळी, असंही उलटवता येईल. मेटसमोरून दक्षिणेकडे जाणारी बस घेऊन ७२व्या रस्त्याला उतरा आणि बेथेस्डा कारंज्यापर्यंत आत जा. बागेत वाट चुकलीच तर दिव्याच्या खांबावरचा आकडा बघा: सुरुवातीचे आकडे जवळच्या रस्त्याचा क्रमांक सांगतात, शेवटचा सम असेल तर तुम्ही पूर्वेच्या बाजूला, विषम असेल तर पश्चिमेच्या. सायकलरिक्षात बसण्याआधी दर विचारा. तो मिनिटाचा असतो, फेरीचा नाही.

शनिवारी आईवडिलांच्या आवडीची एकच जागा. स्मारक निवडलं तर दोन बुरुजांच्या जागी केलेले चौकोनी जलकुंड आणि कठड्यावर कोरलेली २,९८३ नावं मोफत बघता येतात. एखाद्या नावात पांढरं गुलाबाचं फूल खोचलेलं दिसलं तर त्या दिवशी त्या व्यक्तीचा वाढदिवस आहे. देऊळ निवडलं तर ग्रँड सेंट्रलहून ७ क्रमांकाची गाडी शेवटच्या स्टेशनापर्यंत, दोन्हीकडे लिफ्ट आहे, आणि पुढे टॅक्सी. गणपतीची प्रतिष्ठापना १९७७ची. तळघरातल्या उपाहारगृहात डोसा मिळतो. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी गाड्यांचे मार्ग बदलतात, शुक्रवारी रात्री तपासा. संध्याकाळी बॅगा घेऊन पेन स्टेशनहून एडिसन. तिकीट ॲपवर आधी काढा आणि चढण्यापूर्वी चालू करा, डब्यात काढलं तर वर ५ डॉलर पडू शकतात. ६२ वर्षांवरच्यांना भाडं निम्म्याच्या आसपास पडतं. फलाटाचा क्रमांक दहा मिनिटं आधी कळतो आणि सगळे एकदम धावतात. आईवडिलांना लिफ्टजवळ उभं करा, धावू नका.

रविवारी पुतळा, आणि तो न्यू जर्सीच्या बाजूने. जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधूनही अधिकृत बोट सुटते. मावसभावाची गाडी तिथे लावता येते, रांग मॅनहॅटनपेक्षा लहान असते, आणि नेवार्क विमानतळ जवळ. सकाळची पहिली बोट घ्या. तिकीट २५ डॉलरच्या आसपास, त्यात एलिस आयलंडही (पूर्वी स्थलांतरितांची नोंद होत असे ते बेट) येतं. मुकुटाचं तिकीट शोधत बसू नका. शेवटच्या १६२ अरुंद पायऱ्यांना लिफ्ट नाही. त्याऐवजी बेटावरच्या संग्रहालयात जा. १८८६पासून पुतळ्याच्या हातात होती ती मूळ मशाल २०१९पासून तिथे आहे, अगदी जवळून बघता येते. आईला सांगा की हा पुतळा तांब्याच्या पत्र्याचा आहे, जाडी अडीच मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि लाकडी साच्यांवर हातोड्याने ठोकून घडवलेला. पुण्याच्या तांबट आळीत हंडे ठोकताना जिने ऐकलं आहे तिला यापुढे काही समजावावं लागणार नाही. मॅनहॅटनच्या टोकाच्या बॅटरी पार्ककडून कधी गेलात, तर जाकीट घालून रस्त्यावर तिकीट विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका. रविवारी पाऊस असेल अशी चिन्हं दिसली तर शनिवारीच मॅनहॅटनच्या टोकाहून स्टेटन आयलंडची केशरी बोट घ्या. मोफत, २५ मिनिटांची, जाताना उजव्या बाजूला बसा, पुतळा दिसतो. पलीकडे उतरून पुन्हा चढावं लागतं एवढंच.

जेवणाचं थोडक्यात. "व्हेजिटेरियन" एवढं म्हणून भागत नाही. सूप कोंबडीच्या पाण्यात असू शकतं, घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी. "नो मीट, नो चिकन, नो फिश" असं एकेक म्हणा, अंडं चालत नसेल तर तेही. साध्या चीजच्या पिझ्झाचा तुकडा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. रोजच्या पिशवीत दशम्या किंवा ठेपले आणि दाण्याची चटणी असू द्या, वडिलांची एक वाजताची वेळ चुकणार नाही.

आज रात्री फक्त तीन गोष्टी आरक्षित करा: हॉटेल, पुतळ्याची पहिली बोट, रॉकफेलरची साडेपाचची वेळ. मेटचं तिकीट आदल्या दिवशीही मिळतं. आणि गाळलेल्या जागांची यादी आईवडिलांना दाखवू नका. ती पाहिली की वडील म्हणतील, "एवढं ठरवलं होतंस तर चल की, आम्हाला काय झालंय," आणि तुमच्या हौसेपायी आई पुन्हा उठून उभी राहील.